पहिले दहा दिवस

पाणी उताराकडे धावतं, हे ओढ्यापुरतं खरं.
समुद्रात टेकडी असते
वीतभर उंच, शंभर मैल रुंद,
आणि पाणी तिच्यावरून घसरत नाही,
तिला प्रदक्षिणा घालतं.

ती टेकडी नावेतून कधी कुणाला दिसली नाही.
वरून जाणारा उपग्रह तेवढी मोजतो,
चूक फार तर बोटाच्या पेराएवढी,
आणि पुढं निघून जातो. त्याला थांबता येत नाही.
पाण्याच्या पोटात काय चाललंय, त्याला ठाऊक नाही.

पोटातलं सांगायला फ्लोट.
पिवळा, माणसाच्या उंचीचा, डोक्यावर एक काडी.
हजार मीटरवर नऊ दिवस गप्प वाहत राहायचं,
मग आणखी खोल बुडी, मग वर येता येता
थराथराची ऊब आणि खारटपणा चाखायचा,
आकाशाला चार ओळी कळवायच्या
आणि पुन्हा खाली.

दोघांच्या मधे जो उरतो,
म्हणजे जवळजवळ सगळाच समुद्र,
तो माझ्या मॉडेलमध्ये.
समीकरणं अंदाज करतात, मोजमापं त्यांचा कान धरतात,
मी मधे बसून ठरवते
कुणाचं किती ऐकायचं.
तोर्सहाव्नचं ऑफिस. खिडकीबाहेर धुकं.
धुक्यात एक मेंढी खोकते.

तीनशे बारा नंबरचा फ्लोट काही केल्या बसेना.
पहिल्या दहा दिवसांत त्यानं गाठलेलं अंतर
कुठल्याच प्रवाहाला झेपणारं नव्हतं.
मी भोवरे वाढवून पाहिले. वारा वाढवून पाहिला.
त्याच्या शब्दाचं वजन कमी केलं, तर तो एकटा पडला;
जास्त केलं, तर अख्खा उत्तर अटलांटिक
त्या एका पिवळ्या काठीभोवती वाकला.

शेवटी काळ उलटा सोडला.
एवढं आम्हाला करता येतं:
चूक जिथं दिसली तिथून मागं, मागं,
तासामागून तास, थेंबाथेंबाच्या दारात उभं राहून
पाण्याला विचारायचं, तू इथं कुठून आलंस?
रात्रभर संगणक परतीच्या वाटेवर.
सकाळी त्यानं एका जागी बोट ठेवलं.
जहाजाच्या वहीतल्या जागेपासून चाळीस मैल दक्षिणेला.
घराच्या बाजूला.

हानुस आता जहाजावर नसतो,
क्लाक्सविकला धक्क्याजवळ राहतो.
मी नकाशा त्याच्या टेबलावर पसरला.
त्यानं आधी चष्मा शोधला, खिशातच असलेला.
मग बराच वेळ वाळलेल्या मटणाचे पातळ काप करत राहिला.
"नोव्हेंबर होता," म्हणाला.
"पेतुरची बायको अडली होती. रेडिओवर निरोप आला.
पोरगा डेकवर उभा, तोच पट्टा
तीनदा चुकीच्या कडीत अडकवत होता.
चाळीस मैल पुढं, चाळीस मागं.
मी म्हटलं, समुद्र काय, इथून तिथून सारखाच.
सोडा इथंच."
वहीत मात्र ठरलेलीच जागा लिहिली,
सुवाच्य अक्षरात.

"सहा वर्षं कुणी विचारलं नाही."
"मीही नाही विचारलं. पाण्यानं सांगितलं."
"चहाडखोर," तो म्हणाला, पण रागानं नाही.
खिडकीबाहेर एक मुलगी बोटीच्या दोरावरून
तोल सांभाळत चालली होती,
पुढचे दोन दात पडलेली.
त्यानं हनुवटीनं तिच्याकडे दाखवलं.
"तीच ती."
मग थोड्या वेळानं,
"म्हणजे सारखा नसतो तर."
"नसतो."

परतीचा रस्ता समुद्राखालच्या बोगद्यातून.
मी गाडीचा रेडिओ बंद केला,
डोक्यावरून काय चाललंय ते ऐकायला.
फक्त पंखे ऐकू आले.

जागा दुरुस्त केली, मॉडेल पुन्हा चालवलं.
प्रवाह सरळ झाले, टेकडी आपल्या जागी गेली,
तीनशे बाराचा हिशेब जुळला.
थोडी चूक उरली. ती उरतेच,
तिच्यासाठी समीकरणात एक अक्षर राखून ठेवलंय.

फाइलमध्ये शेवटी एक रकाना असतो, बदलाचं कारण.
मी लिहिलं: हवामान.
मॉडेल तो रकाना वाचत नाही.